खर्ज कुणाचा? बेस गिटार आणि पायाखालची पेटी



आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत की काय?" सोडलेलं नाही. उभं आयुष्य वर्गात द्रव्य आणि गुण शिकवण्यात गेलं, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तोच प्रश्न चार तारांचं वाद्य घेऊन आमच्याच घरात शिरला, एवढंच.

आमचा नातू बेस गिटार वाजवतो. मागच्या गणेशोत्सवाआधी इथल्याच एका वाद्यवृंदात त्याची बोलणी चालली होती. संयोजक म्हणाले, "बेस तर कीबोर्डवाला डाव्या हातानं देतोच. एक माणूस कशाला वाढवायचा?" त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. गाडीत जागा कमी, मानधन तुटपुंजं. नातू घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, मला एक मल्टी-इफेक्ट पेडल घेऊन द्या. मी पाच-सहा तऱ्हेचे आवाज देईन, मग कोण काढतंय मला!" आम्ही विचारलं, "त्या पाच-सहातला तुझा कुठला?" तो गप्प झाला. खरं सांगायचं तर उत्तर आम्हालाही येत नव्हतं. म्हणून वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

पेडल आपल्याला नवं नाही

पायानं चालवायची आणि आवाजाचा रंग बदलायची पेटी मराठी माणसानं पहिल्यांदा पाहिली ती संगीत नाटकात. बालगंधर्वांच्या नाटकांतला ऑर्गन आठवा. पायानं भाता मारायचा, आणि समोरच्या फळीवर ओढायची बटणं, म्हणजे 'स्टॉप'. एक ओढलं की दुसऱ्या पट्ट्यांचा संच बोलू लागतो. एखाद्यानं खालचं सप्तक जोडलं जातं, एखाद्यानं आतला पंखा फिरून सूर थरथरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑक्टेव्ह आणि ट्रेमोलो. एका पेटीत अनेक रंग ही कल्पना जपानी कंपन्यांच्या आधी आमच्या आजोबांच्या पिढीनं तिकीट काढून ऐकलेली आहे.

आणि पेटीवरचा रागही नवा नाही. आकाशवाणीनं 1940 साली हार्मोनियमला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. आक्षेप काय होता? या पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, सूर आयता मिळतो आणि गाणारा आपल्या सुरापासून दूर जातो. आज पेडलबद्दल जुनेजाणते हेच म्हणतात. तो आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे, त्याकडे येऊ.

खालचा सूर

आधी खर्जाबद्दल. खर्जाची गोडी आपल्याला मुळातच आहे. डग्ग्याचा घुमारा काढून घेतला तर तबला कोरडा पडतो. आपल्या गावाच्या नावाचा ढोल तर केरळातल्या मिरवणुकांतही 'नाशिक ढोल' म्हणूनच वाजतो. पण ढोल ठोका देतो. ठोक्याबरोबर सुराची खालची ओळ चालवायची, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते काम माणसाएवढ्या उंच डबल बेसचं होतं. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. पडदे असलेला, गळ्यात अडकवता येणारा, विजेवर बोलणारा. मोठं वाद्य छोटं करण्याची ही एक मोठी पायरी.

या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात, म्हणजे 41 हर्ट्झ. साध्या गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, बरोबर एक सप्तक वर. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला 41 हर्ट्झ झेपतच नाही. तरी मोबाइलवर गाणं ऐकताना बेस 'कळतो'. कसा? त्या सुराचे बरेच वरचे अंश स्पीकर देतो, आणि त्यांवरून कान खालचा 41 ओळखतो. न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातला दृष्टान्त आहे ना, पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे? कान नेमकं तेच करतो. वरचे अंश हा धूर, खर्ज हा अग्नी. हा दृष्टान्त लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बिघाडातून जन्म

आता थोडं नॅशव्हिलला जाऊ. नाशिक नव्हे, नॅशव्हिल. (हशा) 1960 साली तिथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सरच्या एका चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेसचा आवाज फाटून, घोगरा होऊन बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं, आणि 1962 मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' नावानं ते पेडल विक्रीला आलं. म्हणजे फझ हा इफेक्ट, जो पुढे गिटारवाल्यांनी आपलासा केला, तो ऐकू आला खालच्या तारांवर.

पण बेसवाल्यांना एक अडचण लवकरच कळली. आवाज फाडला की वरचे अंश भरपूर वाढतात, पण बऱ्याच पेडलमध्ये खालचा भार पातळ होतो. धूर दाट आणि अग्नी विझलेला. ही पेडलं मुळात गिटारच्या पट्टीसाठी बांधलेली होती. बेससाठी वेगळा विचार व्हायला पुष्कळ वर्षं गेली. 1992 साली टेक 21 कंपनीची 'सॅन्सअँप बेस ड्रायव्हर' नावाची पेटी आली. तिच्यावर एक कळ होती, 'ब्लेंड'. मूळ आवाज किती आणि रंगवलेला किती, याचं प्रमाण वाजवणाऱ्यानं ठरवायचं. आमच्या मते बेसच्या इफेक्टच्या इतिहासातली ही फार शहाणी कळ आहे.

मुंबईचा अनुभव

आपल्याकडे काय चाललं होतं? हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या काळात बेस गिटार ठसठशीत पुढे आली. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. स्टुडिओत तेव्हा वादक मंडळी एकत्र बसून गाणं वाजवायची, आणि त्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. परदेशी उपकरण मिळवणं मात्र महाकठीण. आयातीवर परवाने, जबर जकात. जहाजावरचा कुणी ओळखीचा, परदेशातला कुणी नातेवाईक, नाहीतर इथला रेडिओ दुरुस्त करणारा हुशार कारागीर, एवढेच मार्ग.

1981 साली जपानच्या रोलंड कंपनीनं 'टीबी-303' ही छोटी चंदेरी पेटी काढली. हेतू उघड होता. एकट्या गिटारवाल्याला बेसवाल्याची गरज पडू नये. आमच्या नातवाला संयोजक जे म्हणाले, तेच या पेटीनं आधी म्हटलेलं होतं! पण तिचा आवाज बेस गिटारसारखा लागेना. खप झाला नाही आणि 1984 मध्ये उत्पादन थांबलं.

मधल्या काळात मुंबईचे एक स्टुडिओ-वादक, चरणजित सिंग, यांनी ती पेटी घेतली आणि 1982 साली 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' अशी ध्वनिमुद्रिका केली. तीवर राग वाजवले. ती पेटी सूर घसरवत नेऊ शकते, म्हणजे जवळजवळ मींड घेते, हे त्यांच्या हातानं ओळखलं. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर 'अॅसिड हाउस' नावाचं संगीत पुढे आणलं ते 1987 च्या सुमारास. बेसवाल्याची नक्कल म्हणून ही पेटी पडली. तिचा स्वतःचा स्वभाव ओळखणारा भेटला तेव्हा ती उभी राहिली.

अर्थात इतिहास एवढाच गोड नाही. 1985 साली ऑक्टोपॅड आलं आणि काही वर्षांत मराठी वाद्यवृंदांत, वरातींत सगळीकडे दिसू लागलं. कीबोर्ड आले, मग संगणकावर आधीच भरून ठेवलेले ट्रॅक आले. स्टुडिओतली माणसं कमी झाली. कितीतरी उत्तम वादक घरी बसले. आमच्या नातवाची भीती खोटी नाही, हे आम्हाला इथे कळलं.

छोटी पेटी आणि तिची निवड

अनेक इफेक्ट एका पेटीत आणणारं बॉसचं 'एमई-5' 1988 चं. झूम कंपनीनं 1990 च्या सुमारास कंबरपट्ट्याला लावण्याइतकी छोटी पेटी काढली. 1991 नंतर आपल्याकडे आयात हळूहळू सुटली आणि ही उपकरणं दुकानात दिसू लागली. पुढे खास बेससाठी झूमचं 'एमएस-60बी' 2013 मध्ये आलं. मुठीएवढं, एकच खटका. मग बॉसचं 'जीटी-1बी', झूमचं 'बी1 फोर'. लाइन 6 चं 'एचएक्स स्टॉम्प' 2018 चं, जास्त ताकदीचं आणि जास्त किमतीचं.

घेताना डब्यावर छापलेली इफेक्टची संख्या पाहू नका. नातवाबरोबर फिरून आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ओव्हरड्राइव्ह किंवा फझला ब्लेंड आहे का? धूर आणि अग्नी दोन्ही हवेत. घरी हेडफोनवर नुसता धूर छान लागतो, सभागृहात खालून जमीन सरकते. कोरसचंही तेच. फक्त वरच्या भागावर लावता आला तर उत्तम.

दुसरी, ऑक्टेव्ह. 41 हर्ट्झचं एक कंपन पुरं व्हायलाच सुमारे 24 मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायला पेटीला तेवढा तरी वेळ हवाच. म्हणून खालच्या तारेवर ती अडखळते. हा इफेक्ट वरच्या पडद्यांवर वाजवून पाहा.

तिसरी, कॉम्प्रेसर. हा सर्वांत कमी मिरवणारा आणि सर्वांत उपयोगी. जोराचा आणि हलका ठोका यांतलं अंतर कमी करतो. फार लावला तर वाजवणाऱ्याच्या बोटांतला जीव जातो.

चौथी, वीज. आपल्याकडे विजेची कंपनं 50 हर्ट्झ. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर 49 हर्ट्झ. म्हणजे मांडवातलं अर्थिंग बिघडलं की घरघर नेमकी बेसच्या घरात येऊन बसते! बऱ्याच छोट्या पेट्यांना फक्त साधं जॅक असतं. मिक्सर लांब असेल तर सोबत डीआय बॉक्स ठेवा, अर्थ तोडण्याचा खटका असलेला. अॅडॉप्टर पेटीला सांगितलेलाच लावा, आणि ती बॅटरीवर चालत असेल तर सोन्याहून पिवळं.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इफेक्ट चालू आणि बंद, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवून ऐका. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, ही कानाची जुनी फसगत आहे. पातळी सारखी केली की निम्मे इफेक्ट आपोआप गळतात.

आता सुरुवातीचा प्रश्न. वैशेषिक म्हणतात, शब्द हा गुण आहे, आणि गुणाला पुन्हा गुण नसतो. मग आवाजावर चढवलेला रंग राहतो कुठे? शास्त्रार्थ लांबेल, पण नातवाला आम्ही एवढंच सांगितलं: पेटी बंद करून जे उरतं ते तुझं. ते नीट असेल तर पेटी त्यात भर घालील, ते नसेल तर पेटी झाकून ठेवील.

त्यानं जुनी वापरलेली छोटी पेटी घेतली. सरावाला गेला. गंमत अशी की त्याची बाजू घेतली ती कीबोर्डवाल्यानंच. दोन गाणी झाल्यावर तो संयोजकांना म्हणाला, "दादा, माझा डावा हात मोकळा राहू द्या. हा खाली आहे तर मला वर भरता येतं." पेटीबद्दल अवाक्षर नाही. नातू राहिला. मानधन मात्र सगळ्यांचं थोडंथोडं कमी झालं. (हशा)

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*सर, नवशिक्यानं पहिल्या वर्षी पेडल घ्यावं का?*

आधी चांगली केबल आणि नवा तारांचा संच घ्या. पैसे उरले आणि फ्लॅटमध्ये राहत असाल, तर हेडफोनची सोय असलेली छोटी पेटी घ्या. तिच्यात ट्यूनर असतो, ताल असतो, शेजारीही सुखी. सहा महिने फक्त तेवढंच वापरा.

*कार्यक्रमात किती आवाज साठवून न्यावेत?*

नातू तीन नेतो. एक साधा, कॉम्प्रेसर लावलेला. एक किंचित घोगरा, ब्लेंडसह. एक लावणीला आणि संथ गाण्याला, गोल आवाजाचा. चौथी जागा त्यानं रिकामी ठेवली आहे. आम्ही विचारलं, इथे काय? म्हणाला, "इथे पेटी बंद असते, आजोबा."