ठोकळ्यांचं टेबल, फ्रोबेलच्या रेघा आणि आपलं अंगण

गोंदियात सागवान मिळतं, चांगला सुतार मिळतो, ठोकळ्यांचा डबा कुरियरने घरपोच येतो. पण सुताराला "मुलांना ठोकळे खेळायला टेबल करून द्या" म्हटलं की तो हमखास स्टडी टेबल करून आणतो. उंच, गुळगुळीत, वर पुस्तकांचा कप्पा. त्याचा तरी काय दोष? आपल्याकडे टेबलावर अभ्यास आणि जमिनीवर खेळ, ही वाटणी फार जुनी आहे. गंमत अशी की बालवाडी नावाची गोष्ट जिथून सुरू झाली, तिथलं टेबल खेळायचंच होतं.

तो माणूस म्हणजे जर्मनीतला फ्रीडरिश फ्रोबेल (१७८२-१८५२). तरुणपणी हा बर्लिनला खनिजांच्या संग्रहालयात मदतनीस होता, स्फटिकांचे आकार न्याहाळत बसायचा. पुढे १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. मुलांना द्यायच्या वस्तूंना तो 'भेटी' म्हणायचा. तिसरी भेट म्हणजे दोन इंची लाकडी घन, आठ छोट्या घनांत कापलेला, सरकत्या झाकणाच्या पेटीत. पेटी टेबलावर पालथी घालायची, झाकण हळूच ओढून घ्यायचं, पेटी वर उचलायची. समोर अख्खा घन उभा! खेळ संपला की पुन्हा तसाच घन रचून पेटीत.

दोन नियम मला फार आवडतात. एक, सगळे तुकडे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. दोन, नवा आकार करताना जुना पाडायचा नाही, एकेक तुकडा हलवत त्यातूनच नवा काढायचा. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात आणि ते शिकवायला लोक पैसे घेतात :)

पण खरी युक्ती टेबलात होती. पृष्ठभागावर एकेक इंचाच्या चौकटी आखलेल्या. छोटा घन एक इंचाचा, चौकटही एक इंचाची. मुलाला मोजता येत नसलं तरी भिंत सरळ येते, दोन्ही बाजू सारख्या होतात. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात फ्रोबेलचं साहित्य पाहिलं आणि मुलासाठी ते घेतलं. म्हातारपणीही राइट त्या आखलेल्या टेबलाची आठवण सांगत असे. (आणि हो, प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. ठोकळ्यांना घाबरणारं सरकार!)

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. उदबत्तीने कागदाला ओळीत भोकं पाडून, तो अंगणात ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके उमटतात. तीच जाळी, फक्त रेघांऐवजी ठिपके.

पुढे ही जाळी टेबलावरून खेळण्यातच शिरली. फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेल्या मेकॅनोच्या पट्ट्यांना दर अर्ध्या इंचावर भोक. आपल्याकडचं मेकॅनिक्स त्याच कुळातलं. लेगोचा आजचा ठोकळा १९५८ च्या पेटंटचा, खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. लहानांचा ड्यूप्लो बरोब्बर दुप्पट, १६. म्हणून १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. इतकी वर्षं टिकलेला इंटरफेस सॉफ्टवेअरमध्ये दाखवा बरं!

मग टेबल गेलं कुठे? माँटेसरीबाईंनी मुलांना छोटी टेबलं दिली, पण मोठी रचना चटईवर आणली. ज्याची चटई त्याची जागा, दुसऱ्याने तुडवायची नाही. बाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी या पद्धतीची अडचण ओळखली होती: साहित्य महाग. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. खडे, शिंपले, पानं, बिया, माती हेच साहित्य. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द गावोगाव पोहोचला. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधी.

ताराबाईंचं मोठेपण मान्य करूनही मला एक गोष्ट खटकते. अंगण सगळ्यांचं असतं, त्यामुळे त्यावर रचलेलं टिकत नाही. झाडीपट्टीत सडा पडतो, धान वाळत घालतात, कोंबड्या फिरतात. अंगणवाडीच्या खोलीत खेळ आवरल्यावर त्याच जमिनीवर पंगत बसते. घरीही तेच, "उचला रे पसारा, जेवायचंय." चार वर्षांच्या पोराचा अर्धा किल्ला रोज पाडला तर ते एका बैठकीत संपेल एवढंच बांधायला शिकतं. उद्या पुढे बांधू, हा विचार करायला वस्तू उद्यापर्यंत उभी राहावी लागते. फ्रोबेलचं टेबलही इथे कमी पडतं, कारण त्याला रोज पेटी भरायची होती.

म्हणून माझ्या मते गोंदियाच्या घराला टेबल नको, चौरंग हवा. मूल मांडी घालून बसतं, मधोमध हात पोहोचतो, पडायची भीती नाही. त्यावर ठेवायला दोन सुट्या फळ्या करा. एकीवर ३२ बाय ३२ खुंट्यांच्या चार चकत्या. एक चकती साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर, म्हणजे चारांना ५१ बाय ५१. चिकटवताना चकत्यांच्या सांध्यांवर आधी ठोकळे बसवून घ्या, नाहीतर केसभर फट राहते आणि सांध्यावर काही बसत नाही. (स्वस्त ठोकळे घेताना आधी एक बसवून बघा, सगळ्यांचं माप जुळतंच असं नाही.) इथल्या पावसात सलग लाकडी फळी फुगते, त्यामुळे पाण्याला टिकणारं प्लायवूड आणि काठाला बोटभर पट्टी, म्हणजे ठोकळे घरंगळत नाहीत.

एकच फळी दोन्ही बाजूंनी वापरायचा मोह टाळा. उलटवली की किल्ला गेला! सुटी असली की जेवायच्या वेळी किल्ल्यासकट पलंगाखाली सरकवता येते. किल्ला किती उंच बांधायचा ते मग पलंग ठरवतो, पण तेवढं बंधन मुलं बिनतक्रार पाळतात.

दुसरी फळी कोरी ठेवा, फार तर फ्रोबेलसारख्या इंचाच्या रेघा. माती, खडे, कवेलूचे तुकडे, ताराबाईंचं सगळं दुकान तिच्यावर. शिवाय तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाकं खुंट्यांवरून चालत नाहीत.