सोंगट्यांच्या पटावरचा प्रोग्राम

‘गेम ऑफ लाइफ’ हा सेल्युलर ऑटोमॅटन, म्हणजे ठरलेल्या नियमांनी पिढीगणिक बदलणारे घरांचे जाळे, पायथनमध्ये लिहायला वीसेक ओळी पुरतात. त्यामुळे हा खेळ संगणकाच्याच पोटी जन्मला, असा सहज समज होतो. पण या प्रोग्रामचा गाभा पटावर सोंगट्या मांडणाऱ्या हातांनी आधीच बसवलेला होता; स्क्रिप्टने तो फक्त उचलला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनिस्लाव उलाम यांच्या सूचनेवरून जॉन फॉन नॉयमन यांनी स्वतःची प्रत घडवणाऱ्या यंत्राची कल्पना चौकटींच्या जाळ्यात मांडली. त्यातल्या प्रत्येक घराच्या 29 अवस्था होत्या, आणि सगळी रचना कागदावरची. 1957 मध्ये ते गेले. अपुरे लेखन आर्थर बर्क्स यांनी पूर्ण करून 1966 मध्ये प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या जॉन कॉनवे यांना याहून कितीतरी सोपे नियम हवे होते. ते आणि त्यांचे सहकारी ‘गो’ खेळाच्या पटावर नियम पारखत राहिले आणि शेवटी दोन अवस्थांवर स्थिरावले. आठ शेजाऱ्यांपैकी दोन किंवा तीन जिवंत असतील तर जिवंत घर टिकते, रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे जन्म होतो, एरवी घर मृत.

मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर 1970 च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात हा खेळ जगापुढे आणला, तेव्हा नियमांबरोबर खेळण्याची रीतही सांगितली. काळ्या सोंगट्यांनी सुरुवात करायची. मरणाऱ्या प्रत्येक सोंगटीवर आणखी एक काळी ठेवायची, पण उचलायची नाही. जन्माच्या जागी पांढरी ठेवायची. सगळे पुन्हा तपासून झाले की मगच काळ्या जोड्या काढायच्या आणि पांढऱ्यांच्या जागी काळ्या मांडायच्या. ही रीत मला नियमांइतकीच मोलाची वाटते, कारण जुनी पिढी पूर्ण मोजून होईपर्यंत ती पुसू देत नाही. आज स्क्रिप्ट लिहिणारा नवशिक्या नेमका इथेच अडखळतो. तीन जिवंत घरांची आडवी ओळ घ्या. वरच्या रांगेपासून डावीकडून उजवीकडे मोजत त्याच यादीत बदल करत गेलो, तर मधल्या घराच्या वर जन्म होतो, तो बरोबरच. पण ते नवजात घर लगेच पुढच्या मोजणीत शिरते आणि त्याच्या उजवीकडे नियमात नसलेला दुसरा जन्म होतो. यावर उपाय म्हणून ‘नवी = जुनी’ लिहिले, तरी पायथनमध्ये प्रत होत नाही, एकाच यादीला दोन नावे मिळतात. खरोखरच दुसरी यादी लागते. पांढऱ्या सोंगट्या तेच काम करत होत्या.

यावर कोणी म्हणेल, खरे शोध तर यंत्रानेच लावले. त्यात तथ्य आहे. पाच घरांच्या ‘आर-पेंटोमिनो’ची घालमेल 1103 पिढ्यांनी निवते; इतकी मोजणी हाताने बिनचूक करणे जवळजवळ अशक्यच. केंब्रिजमध्ये मायकेल गाय आणि स्टीव्ह बोर्न यांनी पीडीपी-7 वर प्रोग्राम लिहिला आणि गार्डनरनी त्याची दखलही घेतली. (हेच बोर्न पुढे युनिक्सच्या ‘बोर्न शेल’चे कर्ते झाले; स्क्रिप्टिंगच्या इतिहासात ते नाव पक्के आहे.) कोणतीही रचना अमर्याद वाढू शकते का, या प्रश्नावर कॉनवे यांनी 50 डॉलरचे बक्षीस लावले होते. ते नोव्हेंबर 1970 मध्ये एमआयटीच्या बिल गॉस्पर यांच्या गटाने दर 30 पिढ्यांनी एक ‘ग्लायडर’, म्हणजे पटावर सरकत जाणारी छोटी रचना, सोडणारी ‘तोफ’ शोधून जिंकले, तेही संगणकाच्या जोरावर. पण खुद्द ग्लायडर रिचर्ड गाय यांना हाताने पिढ्या मांडतानाच दिसला होता. यंत्राने वेग दिला, रीत तीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. आजच्या चांगल्या स्क्रिप्टमध्ये पटच नसतो; फक्त जिवंत घरांच्या (रांग, स्तंभ) अशा जोड्यांचा संच असतो, मग सोंगट्यांशी नाते कुठे उरले? ते मोजणीत उरते. प्रत्येक जिवंत घर आपल्या आठही शेजाऱ्यांच्या खात्यात एकेक जमा करते, आणि सगळी खाती भरेपर्यंत जुन्या संचाला हात लावला जात नाही. नवा संच वेगळा तयार होतो, मगच जुना टाकला जातो.