‘कॉन’ नावाचे फोल्डर का तयार होत नाही? (थ्रेड)

भारतात एके काळी एक ईमेल फार फिरली. विंडोजमध्ये सी, ओ, एन ही तीन अक्षरे लिहून फोल्डर बनवता येत नाही, हे म्हणे एका भारतीयाने शोधून काढले आणि त्याचे कारण खुद्द बिल गेट्सनाही सांगता आले नाही! फोल्डर बनत नाही हे खरे. उरलेली दंतकथा.

‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. जोडलेल्या यंत्रांना अशी आखूड नावे देण्याची रीत डेक कंपनीच्या जुन्या संगणकांवर होती: टेलिटाइपला ‘टीटीवाय’, लाइन प्रिंटरला ‘एलपीटी’. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम लिहिली, तेव्हा ती रीत उचलली. तेथे यंत्राच्या नावापुढे अपूर्णविराम देत. त्यामुळे यंत्र कोणते आणि फाइल कोणती, याचा घोळ होत नसे.

१९८१ च्या डॉसने मात्र तो अपूर्णविराम ऐच्छिक केला. ‘पीआरएन’ या फाइलीत मजकूर लिहिला, की तो थेट प्रिंटरवर उमटे. सोय मोठी होती, यात शंका नाही.

यंत्राला फाइल मानण्याची कल्पना युनिक्सकडेही होती, आणि तीही १९७१ पासून. पण युनिक्सने ही सारी नावे ‘डेव्ह’ नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत ठेवली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरीच नव्हत्या. घरच एका खोलीचे, तिथे यंत्रांना निराळी जागा कुठून आणणार?

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि डॉस २.० ने डिरेक्टरी दिल्या. तोवर लोकांचे प्रोग्राम जुन्या नावांवर विसंबले होते. ते मोडू नयेत म्हणून प्रत्येक डिरेक्टरीत ही नावे राखीव राहिली. कित्येक प्रोग्राम नावाला आपणहून ‘टीएक्सटी’सारखे शेपूट जोडत, म्हणून शेपटासह नावही यंत्राचेच मानले गेले.

याची किंमत पुढे मोजावी लागली. ‘कॉन’ हे नाव एकाच पत्त्यात दोनदा आले, की विंडोज ९५ आणि ९८ कोसळत. असा पत्ता एखाद्या वेबपानात दडवणेही पुरेसे होते. मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली.

लिनक्सच्या मूळ संहितेत ‘ऑक्स’ नावाची एक सी फाइल आहे. तेही डॉसचे राखीव नाव. त्यामुळे ही संहिता विंडोजवर उतरवू पाहणाऱ्यांची गाडी नेमकी तिथे अडली आहे.