सुरीच्या मुठीतले कृत्रिम रबर

सुरी विकत घेताना ग्राहक पात्याचे पोलाद पाहतो, धार पाहतो. मूठ मात्र हातात नीट बसली की पुरे, असे मानतो. प्रत्यक्षात पाते वर्षानुवर्षे टिकते आणि मूठच आधी जाते. रबरी मुठींच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण 'रबर' या एका शब्दाखाली अगदी भिन्न स्वभावाचे पदार्थ विकले जातात.

रबराची मूठ ही काही आजची कल्पना नाही. एकोणिसाव्या शतकात गंधक मिसळून कडक केलेल्या नैसर्गिक रबराच्या, म्हणजे एबोनाइटच्या, मुठी जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांना बसवल्या जात. काळ्याभोर एबोनाइटला उजेडात हिरवट-तपकिरी छटा येते, ही त्याची जुनी खोड. कृत्रिम रबराचे पर्व त्यानंतरचे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली निओप्रिनचा शोध लागला आणि तेल व ओझोन यांना नैसर्गिक रबरापेक्षा अधिक दाद न देणारे रबर उपलब्ध झाले. सुरीच्या मुठीसाठी मात्र खरी क्रांती घडली ती १९६० च्या दशकात. शेल कंपनीने तेव्हा स्टायरिन आणि ब्युटाडाइन यांच्या साखळ्या जोडून एक रबर बाजारात आणले. ते पुढे 'क्रेटॉन' या नावाने ओळखले गेले. तापवल्यावर ते प्लास्टिकसारखे वितळते, साच्यात ओतता येते आणि थंड होताच पुन्हा रबरासारखे लवचिक होते. पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाभोवती ते थेट ओतता येत असल्याने रिबिटांची गरज उरली नाही.

टिकाऊपणाचे रहस्य मात्र त्याच्या प्रकारात दडलेले आहे. ब्युटाडाइनच्या साखळीत दुहेरी बंध शिल्लक राहतात आणि हवेतील ओझोन व सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नेमका त्यांवरच हल्ला करतात. रबर ताणलेले असेल तर ताणाच्या काटकोनात बारीक भेगा पडतात. हेच दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले की 'क्रेटॉन जी' हा प्रकार मिळतो. ऊन-वाऱ्यात तो कितीतरी अधिक काळ तग धरतो. अमेरिकी मरीन सैनिकांसाठी १९४२ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या, चामड्याच्या चकत्यांची मूठ असलेल्या प्रसिद्ध 'का-बार' सुरीच्या एका आवृत्तीला याच 'क्रेटॉन जी'ची मूठ दिली जाते. चामडे घाम आणि पाणी शोषते, फुगते, कुजते. हे रबर तसे काही करत नाही. उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत ते ठिसूळ होत नाही, म्हणून थंड प्रदेशातही त्याला पसंती मिळते.

त्याचे वैरी मात्र वेगळे आहेत. पहिला वैरी खनिज तेल. हायड्रोजनयुक्त स्टायरिन रबर स्वतःच्या वजनाहून अधिक खनिज तेल सहज सामावून घेते आणि मऊ पडते. पाते गंजू नये म्हणून तेच तेल लावण्याचा सल्ला दिला जातो, हा त्यातला विरोधाभास. पेट्रोल आणि टर्पेंटाइन तर अधिकच घातक. डास पळवणाऱ्या काही मलमांतील 'डीट' हे रसायनही अनेक प्लास्टिकांना व रबरांना विरघळवू लागते; ते हाताला लावून सुरी वापरल्यास मूठ चिकट होऊ शकते. दुसरा वैरी उष्णता. स्टायरिनचा भाग साधारण १०० अंशांजवळ मऊ पडतो. त्यामुळे शेगडीच्या कडेला टेकवून ठेवलेल्या सुरीची मूठ कायमची वाकडी होणे नवलाचे नाही.

अनेकांचा अनुभव असा, की न वापरता कपाटात ठेवलेली मूठ काही वर्षांनी चिकट होते आणि तिच्यावर धूळ बसते. याचा दोष सरसकट रबराला देणे योग्य नाही. कित्येकदा ते कडक प्लास्टिकवर दिलेले पॉलियुरेथेनचे मऊ लेपन असते. त्याचे काही प्रकार हवेतील बाष्पामुळे विघटित होतात. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत ही प्रक्रिया लवकर घडते. अशी मूठ कितीही धुतली तरी सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. पोलाद व रबर यांच्या सांध्यात फट पडली, की पाणी आत शिरते आणि नजरेआड गंज चढू लागतो. मूठ किंचित हलू लागणे ही त्याची पहिली खूण. अशी सुरी भाजी कापताना अचानक फिरून बोटावर येऊ शकते. लाकडी मूठ घासता येते, तेल पाजता येते, फार तर सुताराकडून नवी बसवून घेता येते. ओतलेली रबरी मूठ मात्र घरी दुरुस्त होत नाही. म्हणून वापरानंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन ती लगेच पुसावी, उन्हात वाळत टाकू नये आणि तेलाचा बोळा पात्यापुरताच फिरवावा.