दिवे मालवा, प्रोजेक्टर लागतोय

दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचने जुन्या शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरवलं. "तू कॉम्प्युटरवाला, तूच बघ" म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. मी एक्सेलमध्ये झकास तक्ता केला आणि ६०० ल्युमेनचा, किमतीत बसणारा छोटा प्रोजेक्टर पाठवून दिला. महिन्याने शाळेत गेलो तर वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगलेल्या, पोरं घामाघूम, मागच्या बाकावरची दोघं गाढ झोपलेली. बाई म्हणाल्या, "चित्र दिसतं रे, पण मुलांचे चेहरे दिसत नाहीत. त्यांना समजलं की नाही, हे मला कसं कळणार?"

मंडळी, हे दुखणं जुनं आहे. हायगेन्सने १६५९ च्या सुमारास मॅजिक लँटर्न केला, तेव्हापासून अंधार आलाच. करमणुकीला तो चालतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' सुरू केली, तिची निम्मी गंमत अंधारातच होती. पण शाळेचं काय? इंग्रज सरकारच्या एका समितीने १९०७ मध्ये ह्यू फिशर या चित्रकाराला भारतात धाडलं, ते लँटर्नवरून शाळांना साम्राज्य दाखवण्यासाठी. म्हणजे तिथेही मुलांनी अंधारात बसायचं, गुरुजींनी आवाजावर भागवायचं.

यातून सुटका केली ओव्हरहेड प्रोजेक्टरने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तो प्रशिक्षणाला वापरला आणि १९६० च्या दशकात थ्रीएमने स्वस्त करून वर्गात आणला. दीपगृहासाठी शोधलेलं फ्रेनेलचं भिंग त्यात सपाट होऊन काचेखाली बसलं. त्यामुळे वर्गातले दिवे चालू ठेवता आले. शिक्षक मुलांकडे तोंड करून लिहू लागले, मुलं वहीत उतरवू लागली.

मग आमच्या जमातीने सुधारणा केली! १९८९ मध्ये एप्सनचा एलसीडी प्रोजेक्टर आला, १९९६ मध्ये हॉर्नबेक यांच्या चिमुकल्या आरशांवर चालणारे डीएलपी आले. चित्र हलू लागलं, पण सुरुवातीचा उजेड बेताचा, म्हणून पडदे पुन्हा बंद.

यातलं गणित सोपं आहे, मीच ते केलं नव्हतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. भिंतीवर खिडकीचा ३०० लक्स उजेड असेल, तर तोच तुमचा 'काळा'. तीन चौरस मीटर चित्रावर ६०० ल्युमेन म्हणजे २०० लक्सची भर. ५०० विरुद्ध ३००, वाचणार काय कप्पाळ? ३००० ल्युमेन असले की १३०० विरुद्ध ३००, मग अक्षर सुटं दिसतं.

पुन्हा वर्गणी काढली, बोलणी खाल्ली आणि ३५०० ल्युमेनवाला घेतला. सतरंज्या उतरल्या.

असो. तुम्हीही शाळेला देणार असाल, तर आधी दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या ठेवून, त्याच वर्गात लावून बघा. बाईंना पुढे उभं करा आणि शेवटच्या बाकावरचा चेहरा दिसतो का, ते विचारा. तक्ता नंतर.