काशीयात्रेच्या मार्गावर अपघाताची शक्यता कशामुळे वाढते?

वाराणसी : प्रयाग, काशी आणि गया या त्रिस्थळी यात्रेसाठी महाराष्ट्रातून मोटारीने येणाऱ्या भाविकांचा बराचसा प्रवास आता रुंद महामार्गांवरून होतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १९ वरील हंडिया ते राजातालाब या ७३ किलोमीटरच्या सहापदरी टप्प्याचे लोकार्पण ३० नोव्हेंबर २०२० रोजी झाले. यामुळे प्रवासाचा वेळ वाचला. मात्र रस्ता चांगला असला म्हणजे धोका टळला, असे देशातील आकडेवारी सांगत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सर्वाधिक २२,५९५ मृत्यू उत्तर प्रदेशातील होते. सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवर घडले आणि बहुसंख्य अपघातांच्या वेळी हवामान स्वच्छ होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे २ टक्के असताना ३६ टक्के मृत्यू या मार्गांवर झाले.

वेग : सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढल्यास प्राणघातक अपघाताची जोखीम सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते.

धुके : गंगेच्या मैदानी प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके पडते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोरचे ५० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर रस्त्यावर उभा असलेला मालट्रक किंवा मागे दिवे नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली नजरेस पडूनही वाहन वेळेत थांबवता येत नाही. धुक्यात दिव्यांचा प्रखर झोत चालकाच्याच डोळ्यांवर परततो. त्यामुळे दिवे खालच्या झोतावर ठेवणे आवश्यक असते.

थकवा : नागपूरहून जबलपूर, रीवामार्गे वाराणसी सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मुक्काम वाचवण्यासाठी हे अंतर एकाच चालकाने रातोरात कापणे धोक्याचे ठरते, कारण मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोपेची ओढ सर्वाधिक असते. परिवहन वाहनांच्या चालकांसाठी कायद्याने दिवसाला ८ तासांच्या कामाची मर्यादा घातली आहे. भाड्याने वाहन घेणाऱ्या कुटुंबांनी प्रवासाची आखणी करताना ती विचारात घेणे हिताचे आहे.

लक्ष विचलित होणे आणि मद्यपान : वाहन चालवताना मोबाइल वापरल्यास अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

वाराणसीच्या जुन्या भागात चित्र वेगळे असते. गोदौलिया परिसरात पादचारी, ई-रिक्षा आणि दुचाकी एकाच अरुंद रस्त्यावरून जातात. तेथे मोटारीचा वेग कमी असला, तरी पायी चालणाऱ्याला अथवा दुचाकीस्वाराला कोणतेही कवच नसते. देशात २०२२ मधील ४४ टक्क्यांहून अधिक मृत्यू दुचाकीवरील व्यक्तींचे होते.

सीटबेल्टमुळे अपघात टळत नाही, पण जीव वाचू शकतो. मागील आसनावर बसणाऱ्यांनाही तो बंधनकारक असून, न लावल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. यात्रेच्या मोटारीत ज्येष्ठ मंडळी बहुधा मागेच बसतात.