नालंदेची घटिका आणि विश्रांतीची शिस्त

इ. स. ७व्या शतकात चिनी भिक्खू इत्सिंग नालंदा महाविहारात सुमारे १० वर्षे राहिले. तेथील घटिकायंत्राचे वर्णन त्यांनी केले आहे : तांब्याच्या मोठ्या पात्रातील पाण्यावर सच्छिद्र वाटी तरंगे; ती भरून बुडाली की दुंदुभी वाजे.

काळाच्या ह्या विभागणीचे मूळ प्राचीन आहे. पाली सुत्तांत रात्रीचे ३ याम सांगितले आहेत. पहिल्या व अखेरच्या यामात भिक्खूने चंक्रमण व आसन यांनी चित्त शुद्ध करावे. मधल्या यामात, उठण्याचा संकल्प मनात धरून, उजव्या कुशीवर निजावे. विश्रांती हा साधनेतील खंड नव्हे, तिचेच अंग होते.

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आज ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यांतही चंक्रमणास स्थान असावे, असे आम्हांस वाटते.